गाण्याचं स्केल बदललं की किक बेसूर का होते? ड्रम सॅम्पल सुरात आणताना दरवेळी अडणाऱ्या जागा

लक्षण आधी सांगतो. (किक म्हणजे ड्रमसेटमधल्या मोठ्या ड्रमचा जाड ठोका, आणि सॅम्पल म्हणजे असा आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला एकेक आवाज.) किक एकटी ऐकली की झकास. बेस एकटा ऐकला की झकास. दोन्ही एकत्र लावले की खालचा भाग पोकळ होतो. एका मात्रेवर ठोका भरून येतो, पुढच्या मात्रेवर तोच ठोका अंग चोरतो. मग आपण ईक्यू उघडतो, साठ हर्ट्झला थोडं वाढवतो, थोडं कापतो, कॉम्प्रेसर बदलतो, शेवटी बेसचा टोनच बदलतो. तास-दोन तास जातात. दुसऱ्या दिवशी गाडीत ऐकलं की दुखणं तिथल्या तिथं.

माझ्याकडे हे दीड वर्षात चार वेळा झालं. पहिल्या तीन वेळी किकचं सॅम्पल बदलून मोकळा झालो. चौथ्या वेळी वेळ काढून मुळापर्यंत गेलो आणि आकडे वहीत लिहून ठेवले. तेच इथे मांडतोय.

गाणं साधं होतं. भावगीताच्या वळणाची चाल, केरवा, पेटी, गिटार, बेस आणि तबल्याखाली एक इलेक्ट्रॉनिक किक आणि स्नेअर (ड्रमसेटमधला खरखरीचा ड्रम). स्केल काळी चार. रेकॉर्डिंगच्या दिवशी गायिका म्हणाली, वरच्या सा-ला ताण येतोय, पांढरी पाच करू या. मिडीचे (आवाज नव्हे, फक्त सुरांच्या सूचना साठवणारे) सगळे ट्रॅक निवडून एक सेमीटोन, म्हणजे अर्धा सूर, खाली घेतले, गिटार पुन्हा वाजवून घेतली. ड्रमच्या ट्रॅकला हात लावला नाही. तो असा सरकवायचा नसतोच, कारण तिथे प्रत्येक पट्टी म्हणजे वेगळं वाद्य. ट्रॅक अर्धा सूर खाली ओढला तर किकच्या जागी भलतंच काहीतरी वाजायला लागतं.

पहिल्याच टेकला गायिका धृपदाच्या दुसऱ्या ओळीवर थांबली. म्हणाली, "ठेका माझ्या सुराला ओढतोय." मी हेडफोनचा आवाज कमी करून पाहिला, तबला म्यूट करून पाहिला. किक म्यूट केल्यावर ती निवांत गायली. तिच्या कानाला जे दोन ओळींत कळलं ते मला मोजून काढायला रात्र लागली.

आधी सा, मग सॅम्पल

सॅम्पल कुठल्या सुरात आहे हे शोधण्याआधी गाणं नेमकं कुठल्या सुरात आहे हे ठरवा. "पांढरी पाच" हे पुरेसं उत्तर नाही. सॉफ्टवेअरमधली सगळी वाद्यं मुळात 'ए' म्हणजे ४४० हर्ट्झ धरून चालतात. खरी पेटी वापरली असेल तर ती तिथे असेलच असं नाही. मागे एका गाण्यातली पेटी मोजली तेव्हा तिचा 'ए' ४४४ हर्ट्झवर निघाला. हा फरक जवळजवळ १६ सेंटचा होतो, आणि १०० सेंट म्हणजे एक सेमीटोन. एवढा फरक चालीत कुणाला टोचत नाही, पण लांब घुमणाऱ्या किकखाली पेटीचा खर्ज धरून ठेवला असेल तर टोचतो.

म्हणून गाण्यात खरं वाद्य असेल तर ते मोजा आणि सॉफ्टवेअरची वाद्यं त्याला मिळवून घ्या. पेटी हलणार नाही, बाकीच्यांनी हलायचं. बासरी असेल तर आणखी एक गोष्ट: हवा तापली की बासरी चढते, अंशाला साधारण तीन सेंट. पंखा बंद करून रेकॉर्डिंग करणाऱ्या आपल्या छोट्या खोल्यांत दुपारी सुरू केलेलं सेशन संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठे गेलेलं असतं. मोजायचा तो शेवटी ठेवलेला टेक, चाचणीचा नव्हे.

माझ्या त्या गाण्यात पेटीही सॉफ्टवेअरची होती, त्यामुळे ४४० कायम. पांढरी पाचचा खालचा सा म्हणजे ४९.० हर्ट्झ. आधीची काळी चार ५१.९ वर होती.

खालच्या सप्तकांचे आकडे मी भिंतीवर चिकटवले आहेत, कारण ते पुन्हा पुन्हा लागतात:

पांढरी एक, सी: ३२.७ आणि ६५.४
काळी एक, सी शार्प: ३४.६ आणि ६९.३
पांढरी दोन, डी: ३६.७ आणि ७३.४
काळी दोन, डी शार्प: ३८.९ आणि ७७.८
पांढरी तीन, ई: ४१.२ आणि ८२.४
पांढरी चार, एफ: ४३.७ आणि ८७.३
काळी तीन, एफ शार्प: ४६.२ आणि ९२.५
पांढरी पाच, जी: ४९.० आणि ९८.०
काळी चार, जी शार्प: ५१.९ आणि १०३.८
पांढरी सहा, ए: ५५.० आणि ११०.०
काळी पाच, ए शार्प: ५८.३ आणि ११६.५
पांढरी सात, बी: ६१.७ आणि १२३.५

शेजारच्या दोन सुरांत इथे जेमतेम तीन हर्ट्झचं अंतर आहे. पुढचा सगळा घोळ या तीन हर्ट्झमध्येच होतो.

सॅम्पलचा सूर मोजताना होणारी चूक

माझ्या किकच्या फाइलच्या नावात "जी शार्प" असं लिहिलेलं होतं. काळी चारच्या गाण्याला तिची निवड त्या नावावर विसंबून झाली होती. नाव खरं असतं तर स्केल खाली आल्यावर किक एक सेमीटोन खाली आणली की काम संपलं असतं. आणून पाहिली. पोकळपणा कमी झाला, पण गेला नाही.

ट्यूनर लावला. तो एकदा 'ए' म्हणाला, एकदा 'सी', एकदा काहीच नाही. यात ट्यूनरचा दोष नाही. किकचा आवाज एका सुरावर थांबलेला नसतो. सुरुवातीला तो खूप वरून येतो, काही मिलिसेकंदांत घसरत खाली येतो आणि मग शेपटीत कुठेतरी स्थिरावतो. आपल्या कानाला सुरुवातीची ती घसरण "टक्" अशी ऐकू येते आणि शेपटी "ढूं" अशी. सूर आहे तो शेपटीत. ट्यूनरला दोन्ही एकत्र दिलं की तो गोंधळतो.

मग स्पेक्ट्रम अॅनालायझर लावला, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते चित्रात दाखवणारं टूल. तिथे ५०च्या आसपास एक रुंद डोंगर दिसला, टोक कुठे आहे ते कळेना. याचं कारण साधं गणित आहे. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं) अॅनालायझरचा एफएफटी आकार (एका वेळी तो किती मोजमापं तपासतो) ४,०९६ असेल तर त्याची एक पायरी १०.८ हर्ट्झची होते. म्हणजे पांढरी पाचपासून काळी पाचपर्यंतचे सगळे सूर त्याच्या लेखी एकाच कप्प्यात. आकार १६,३८४ केला तर पायरी २.७ हर्ट्झवर येते, ६५,५३६ केला तर ०.७ वर. पण ३०० मिलिसेकंदांच्या किकला एवढी मोठी खिडकी लावली की आवाजापेक्षा शांतताच जास्त मोजली जाते. अॅनालायझरकडे पाहून किक ट्यून करणाऱ्यांना मी म्हणूनच हात जोडून सांगतो, त्या चित्रावर विसंबू नका.

खात्रीचा मार्ग जुना आणि फुकटचा आहे: लाट मोजायची. किकची फाइल एडिटरमध्ये उघडली आणि सुरुवातीचा ८० मिलिसेकंदांचा भाग सोडून दिला. झूम करत गेलं की तिथून पुढे लाटा सुबक, गोल दिसायला लागतात. लाट मधली रेघ खालून वर जिथे ओलांडते तिथे एक खूण केली. तिथून चार पूर्ण लाटा मोजून पाचव्यांदा रेघ जिथे वर ओलांडली जाते तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणांमधलं अंतर सेकंदांत नको, सॅम्पलमध्ये वाचा (इथे सॅम्पल म्हणजे सेकंदाच्या त्या ४४,१०० मोजमापांतलं एक). माझ्या किकमध्ये ते ३,२८६ सॅम्पल आलं. ४४,१०० गुणिले ४ भागिले ३,२८६ म्हणजे ५३.७ हर्ट्झ.

आता वरच्या यादीत बघा. ५३.७ हा जी शार्पही नाही आणि 'ए'ही नाही. तो जी शार्पच्या ५८ सेंट वर आणि 'ए'च्या ४२ सेंट खाली आहे. नाव चुकलं होतं. गाणं काळी चारमध्ये होतं तेव्हाही किक बेसूरच होती, फक्त ते लक्षात आलं नव्हतं.

लक्षात का आलं नव्हतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण समस्या परत परत येते ती यामुळेच. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की त्यांच्या फरकाइतके हेलकावे दर सेकंदाला येतात. ५३.७ आणि ५१.९ मध्ये फरक १.८ चा. माझी किक ३०० मिलिसेकंदांत संपत होती, तेवढ्या वेळात अर्धाच हेलकावा होतो. कान तो सोडून देतो. बेस ४९.० वर गेला तेव्हा फरक ४.७ झाला. आता तेवढ्याच वेळात जवळजवळ दीड हेलकावा बसतो: ठोका भरतो, बसतो, पुन्हा भरायला जातो. म्हणजे स्केल बदलल्यामुळे बिघाड झाला नाही, होता तो उघडा पडला. आणि नावावर विसंबून एक सेमीटोन खाली आणली तरी ५८ सेंट वरचेच राहिले, म्हणून पोकळपणा अर्धवट गेला.

लाटा मोजायचा कंटाळा असेल तर कानाने करायची पद्धत अशी. सॅम्पल दोन सप्तकं वर घ्या. ५० हर्ट्झला आपला कान सुराच्या बाबतीत कच्चा असतो, २०० ला पक्का. वर घेतलेलं सॅम्पल आणि शेजारी एक साधी साइन वेव्ह लावून तिचा सूर हळूहळू फिरवा. तंबोरा लावताना खुंटी जशी फिरवतो तशीच. हेलकावे मंदावत मंदावत थांबले की सूर मिळाला. ज्यांचे कान तंबोऱ्यावर तयार झालेत त्यांना यात मजा येते, आणि खरं सांगायचं तर त्यांना ट्यूनरची गरजच नाही.

सप्तकाच्या नावाचा घोळ

एक छोटी पण हमखास अडणारी जागा. पियानोचा मधला 'सी' एफएल स्टुडिओमध्ये 'सी पाच' असतो, रीपरमध्ये मुळात 'सी चार' आणि एबलटन लाइव्हमध्ये 'सी तीन'. मित्राने "किक जी एकला आहे" सांगितलं तर त्याला आधी विचारा, कुठल्या सॉफ्टवेअरमधला जी एक? त्यापेक्षा हर्ट्झमध्ये बोला.

सगळीच सॅम्पलं सारखीच चुकली असतील तर

किक वर, स्नेअर खाली, टॉम तिसरीकडे असा विस्कळीत प्रकार असेल तर एकेक मोजण्याला पर्याय नाही. पण सगळी सॅम्पलं साधारण दीड सेमीटोनने एकाच दिशेला चुकलेली दिसली तर सुराचा विचार थांबवा आणि सॅम्पल रेट तपासा. ४८,००० ला रेकॉर्ड केलेली फाइल ४४,१०० च्या वेगाने वाजली की बरोबर १४७ सेंट खाली येते. उलट झालं तर तेवढीच वर. एरवी सॉफ्टवेअर हे स्वतःहून सांभाळतं, पण काही हार्डवेअर पॅडमध्ये आणि हातोहात फिरलेल्या फाइलींत हे घडतं. हातातल्या रेकॉर्डरवर टिपलेला एक ढोल मी असाच दोन दिवस "ट्यून" करत बसलो होतो. रेट दुरुस्त केला आणि तो जागेवर आला.

सूर बदलायचा कसा

दोन रस्ते आहेत. एक, सॅम्पल टेपसारखं हळू किंवा जलद वाजवायचं. त्यात सूर आणि लांबी दोन्ही बदलतात. दुसरा, लांबी तशीच ठेवून फक्त सूर बदलायचा. तिथे सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे करून पुन्हा जोडतं.

किकसाठी माझा कौल नेहमी पहिल्याला. दुसऱ्या पद्धतीत तुकडे जोडताना ठोक्याची धार बोथट होते आणि शेपटीत बारीक थरथर येते. कित्येक सॉफ्टवेअरमध्ये मात्र हीच दुसरी पद्धत मुळात चालू असते, आणि लोक म्हणतात "ट्यून केल्यावर पंच गेला". पंच ट्यूनिंगने जात नाही, या सेटिंगने जातो. रीपरमध्ये आयटमच्या प्रॉपर्टीजमधला पिचचा आकडा बदलला की लांबी टिकवणारी पद्धत लागते. त्याऐवजी "प्रिझर्व्ह पिच"ची खूण काढून प्लेरेट बदला. लाइव्हमध्ये क्लिपचं वार्प बंद करून ट्रान्सपोज वापरा, किंवा सॅम्पल सिम्पलरमध्ये टाका. एफएलच्या सॅम्पलर चॅनलमध्ये स्ट्रेचचा मोड "रीसॅम्पल"वर ठेवा.

माझ्या किकला ५३.७ वरून ४९.० वर आणायचं होतं: एक सेमीटोन आणि ५८ सेंट खाली, प्लेरेट ०.९१३. लांबी साधारण दहा टक्क्यांनी वाढली, ३०० ची ३२९ मिलिसेकंद. एवढ्याने गाणं जड झालं नाही, पण चार-पाच सेमीटोन खाली आणायची असती तर शेपटी पुढच्या ठोक्यावर चढली असती आणि ती फेड करून कापावी लागली असती. वर नेताना उलटं होतं. तीन सेमीटोन वर गेलं की लांबी ८४ टक्के उरते आणि किक चिमटल्यासारखी वाटते. तीनच्या पलीकडे जायची वेळ आली तर मी दुसरं सॅम्पल शोधतो.

सा-लाच लावायची असं नाही

पुष्कळजण किक डोळे मिटून सा-ला लावतात. काळी चार, पांढरी सहा, काळी पाच या स्केलना ते छान बसतं, कारण तिथला खालचा सा ५० ते ६० हर्ट्झमध्ये येतो आणि किकचा जीव तिथेच असतो. पण पुरुष गायकांची नेहमीची पट्टी घ्या, पांढरी दोन. तिचा सा एक तर ३६.७ वर, जो मोबाइलवर आणि छोट्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, नाही तर ७३.४ वर, जिथे किक डब्यासारखी वाजते. इथे पंचम कामाला येतो: ५५.०. बेस सा-वर आणि किक पंचमावर, दोघं एकमेकांना वाट देतात. पांढरी चारलाही तसंच, पंचम ६५.४ वर मिळतो.

मात्र चाल कुठल्या रागाच्या अंगाने जाते ते बघा. मालकंसात पंचम वर्ज्य आहे. त्या अंगाच्या चालीखाली पंचमाची किक दर ठोक्याला वर्ज्य स्वर लावत बसेल. मालकंसासाठी तंबोरा मध्यमाला लावतात, किकही तशीच लावा. पांढरी दोनचा मध्यम म्हणजे ४९.०, जागा उत्तम. मारव्यातही पंचम नाही, आणि तिथे मध्यम तीव्र, म्हणून तिथे मी किक इतकी आखूड करतो की तिला सूरच उरत नाही.

यावरून एक मुद्दा निघतो: प्रत्येक किक ट्यून करावीच लागते का? नाही. ५५ हर्ट्झची एक लाट १८ मिलिसेकंदांची असते. किक ८० मिलिसेकंदांत संपत असेल तर जेमतेम चार लाटा होतात, तेवढ्यात कानाला सूर पकडता येत नाही. माझी कसोटी सोपी आहे. सॅम्पल वाजवा आणि त्याच्याबरोबर गुणगुणून बघा. गुणगुणता आलं तर ट्यून करा, नाही आलं तर सोडून द्या. हाय-हॅट, टाळी, शेकर, ताशा यांच्यामागे लागू नका. १९८० साली आलेल्या रोलंड टीआर-८०८ ची लांब किक मात्र पूर्णच गुणगुणता येते. आज तिला बेस म्हणूनच वाजवतात, त्यामुळे ती ट्यून न करता वापरणं म्हणजे तार न लावता सतार वाजवणं.

स्नेअर विवादी स्वर लावतो तेव्हा

हे फारसं कुणी तपासत नाही, म्हणून थोडं थांबतो. स्नेअरला खरखरीच्या खाली एक "टंग" असा नाद असतो, साधारण १८० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात. गाण्याच्या चालीत शुद्ध आणि कोमल यांचं भान आपल्याला असतं, स्नेअरच्या बाबतीत नसतं.

त्याच गाण्यात किक सुधारल्यावर मला स्नेअर खुपायला लागला. मोजला तर त्याचा नाद २३३ हर्ट्झ. सा पांढरी पाच धरला तर हा कोमल गांधार. चाल मात्र यमनच्या अंगाची, सगळीकडे शुद्ध गांधार. दर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला स्नेअर कोमल ग म्हणत होता आणि गायिका शुद्ध ग. एक सेमीटोन वर घेतला, २४७ वर आला, शुद्ध गांधार झाला. गाण्यात जणू खिडकी उघडली. स्नेअर हलवायचा नसेल तर अरुंद ईक्यूने तो नाद कापता येतो, पण त्यात स्नेअरचं अंगही जातं. मी आधी सूर हलवून बघतो.

सूर जुळला, तरी खाली पोकळच

हेही होतं, आणि इथे माणूस हताश होतो. किक आणि बेस दोन्ही बरोबर ४९ वर आले की हेलकावे थांबतात, पण दोघांच्या लाटा उलट्या दिशेने सुरू होत असतील तर ते एकमेकांना कायमचं खातात. आधी निदान ते खाणं-भरणं बदलतं तरी होतं. किकच्या ट्रॅकवर पोलॅरिटी उलटी करून (लाटेचा वरचा भाग खाली, खालचा वर) बघा. आवाज एकदम भरला तर काम झालं. थोडासाच भरला तर बेस काही मिलिसेकंद पुढे-मागे सरकवा. ४९ हर्ट्झची अर्धी लाट १०.२ मिलिसेकंदांची, म्हणजे शोध तेवढ्याच टप्प्यात घ्यायचा आहे. मी हे करताना किक आणि बेस सोडून सगळं म्यूट करतो आणि आवाज मुद्दाम हळू ठेवतो.

एकाच ठोक्यासाठी दोन किक एकावर एक लावल्या असतील तर दोन्हींचा सूर वेगळा मोजा. खरं तर एकीची शेपटी कापून टाका. सूर एकीकडून घ्यायचा आणि धार दुसरीकडून.

तबला आणि ढोलकीची सॅम्पलं

इथे गोष्ट वेगळी आहे, आणि आपल्या गाण्यांत हीच जास्त लागते.

साध्या गोल चामड्याचे उपस्वर मूळ सुराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे येतात. म्हणून टॉमचा सूर पटकन सांगता येत नाही. तबल्यावर शाई असते आणि तिच्या वजनामुळे हे उपस्वर सरळ पटीत येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी यावर १९२० साली 'नेचर'मध्ये लिहिलं होतं आणि १९३४ मध्ये पुन्हा सविस्तर. आपल्या कामापुरता अर्थ एवढाच की तबल्याचा सूर खरा सूर असतो. त्यामुळे तो चुकला तर लपत नाही. किकचे ५८ सेंट कानाने सोडून दिले, तबल्याचे २० सुद्धा सोडणार नाही.

तबल्याचं सॅम्पल मोजायचं ते चाटेवरच्या "ना"वर. "तूं" वर मोजू नका, त्याचा सूर "ना"पेक्षा वेगळा ऐकू येतो. एका तयार लूपवर "काळी एक" असं लिहिलेलं होतं, म्हणजे "ना" २७७.२ हर्ट्झवर हवा. मोजला तर २७१.५ निघाला, ३६ सेंट खाली. वाजवणाऱ्याने तबला त्याच्या पेटीला मिळवला असेल, किंवा पावसाळी हवेत चामडं उतरलं असेल. लिहिणाऱ्याने जवळचं नाव लिहून टाकलं. लूपमध्ये सुरुवातीचा "ना" आणि शेवटचा "ना" दोन्ही मोजा. वाजवता वाजवता तबला उतरतो, आणि तो लूप फिरवत ठेवला की दर आवर्तनाच्या समेवर सूर झटका देऊन वर येतो.

तबला दोन सेमीटोनपेक्षा जास्त हलवू नका. खऱ्या तबल्यातही वरच्या पट्टीला लहान तोंडाचा आणि खालच्या पट्टीला मोठ्या तोंडाचा तबला घेतात, एकाच तबल्याला गट्ट्यांवर हातोडी मारून वाटेल तिथे नेत नाहीत. सॅम्पलचंही तेच. चार सेमीटोन वर नेलेला तबला खेळण्यातला वाटतो, खाली नेला तर ओला. त्यापेक्षा सा सोडून पंचम किंवा मध्यम जवळ पडतो का ते बघा. काळी एकचा तबला काळी तीनच्या गाण्यात पंचमाला आपोआप बसतो, एक सेंटही न हलवता.

ढोलकीची शाईची बाजू अशीच लावायची. दुसऱ्या बाजूचा घुमारा आणि तबल्यातला डग्गा यांना एका सुरात बांधायला जाऊ नका. मनगटाच्या दाबाने डग्ग्याचा सूर वर चढतो, त्यातच त्याची मजा आहे. चालीला खटकणारं एखादं सॅम्पल असेल तर ते काढून दुसरं घ्या, पण घसरणारा सूर मोजायच्या फंदात पडू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून

स्केल ऐन वेळी बदलणार, हे धरूनच चाला. गायकाचा गळा त्या दिवशी कसा आहे ते त्या दिवशीच कळतं. म्हणून सूर असलेली ड्रम सॅम्पलं ऑडिओ ट्रॅकवर न ठेवता सॅम्पलरमध्ये ठेवा आणि त्यांचे ट्रान्सपोज एकाच नॉबला बांधा. लाइव्हच्या ड्रम रॅकमध्ये मी किक, स्नेअर आणि दोन टॉम एका मॅक्रोला जोडले आहेत, मर्यादा तीन सेमीटोन खाली ते तीन वर. मिडी अर्धा सूर खाली गेला की तो नॉब एक घर खाली. हॅट आणि टाळी त्या नॉबला जोडलेल्या नाहीत. तबल्याचा लूप वेगळा राहतो आणि त्याला हाताने बघावं लागतं.

आणि फाइलींची नावं स्वतः मोजून बदला. पॅकवाल्याचं नाव पुसायची गरज नाही, आपलं पुढे जोडा: हर्ट्झ, जवळचा सूर, किती सेंट वर-खाली, लांबी आणि कुठून मोजलं. मी रोज रात्री दहा सॅम्पलं घेतो, एकाला दोन मिनिटं पुरतात. माझ्या त्या किकचं नाव आता असं आहे: "किक, ५३.७, ए वजा ४२, ३०० मिलिसेकंद, ८० पासून मोजली".